शक्तीच्या गोळ्या

सोलापूर
शनिवार, ११ जानेवारी २०२५

अप्पा,

हे पत्र चनबसप्पाकाकांनी फोडलं असेल तर त्यांनी इथंच थांबावं आणि ते तुमच्या टेबलावर ठेवावं. काका, तुम्ही कंपाउंडर आहात. टपाल वाचणं तुमच्या कामात येत नाही.

तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून लिहिते आहे. दीड वर्षापूर्वी मी तुमच्या दवाखान्यात एका बाईसमोर बोलले आणि तुम्ही "पुन्हा इथं दिसू नकोस" म्हणालात. मी इथं सगळ्यांना सांगते की नोकरीसाठी घर सोडलं. ते खोटं आहे हे तुम्हाला माहीत आहे, मलाही. पण आज तो विषय नाही.

मी जिथं समुपदेशक आहे त्या सरकारी दवाखान्यात प्रत्येक गरोदर बाईचं रक्त तपासतात. सत्तावीस डिसेंबरला आलेल्या एका बाईचा गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तिचं नाव मी लिहिणार नाही, तसा नियम आहे. पहिलटकरीण आहे, तेव्हा तीस आठवडे झाले होते. रिपोर्ट घ्यायला थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा कुबसा, म्हणजे डोहाळजेवण होतं, ओटी भरून तिसऱ्या दिवशी माहेरी गेली. बाळंतपणाची तारीख आठ मार्च. तिला पेनिसिलीन द्यायला हवं, दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, आणि पहिलं बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी. म्हणजे सहा फेब्रुवारीच्या आत. नाहीतर बाळ पोटातच जाऊ शकतं, किंवा रोग घेऊन जन्माला येऊ शकतं. हे मी तुम्हाला शिकवते आहे असं समजू नका. माझ्या मनात तारखा नीट राहाव्यात म्हणून लिहिते.

नोंदवहीत तिच्या नावापुढे जो मोबाइल नंबर आहे तो नवऱ्याचा. मी लावला. मी एवढंच म्हटलं की पत्नीला घेऊन या, एक रिपोर्ट समजावून सांगायचा आहे. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"म्याडम, गरमीचं असंल तर मिटलंय की. आमच्या तिकडं विरुपाक्ष डॉक्टर हायत, लई हातगुणाचा मानूस. दिवाळीच्या आदीच सुई मारली मला."

"आणि तुमच्या मिसेसना?"

"तिला गोळ्या दिल्या की. शक्तीच्या. डॉक्टर म्हनले, तिला काय सांगू नको, पोटुशी बाई, धसका घेईल."

मी तुमची मुलगी आहे हे त्याला माहीत नव्हतं. तुमच्या हातगुणाचं कौतुक तो मलाच ऐकवत होता. मी तिचा पत्ता विचारला तर म्हणाला, "आता तिचं काय काम?" आणि फोन ठेवला. त्यानंतर माझा नंबर त्याच्याकडं लागत नाही. चिंचोळीला त्याच्या खोलीवर आशाताई दोनदा जाऊन आल्या. कुलूप. शेजारी म्हणाले, कामावर असेल. माझ्या वरिष्ठांनी सांगितलं, "संपर्क झाला नाही असं लिहून टाक, रकाना आहे त्याला." रकाना आहे हे खरं आहे.

शक्तीच्या गोळ्या, अप्पा. शाळेत जायच्या आधी तुम्ही मला दवाखान्यातच अक्षरं शिकवलीत. पुड्यांवर 'सकाळी एक, रात्री एक' लिहायला देत होता. 'शक्तीच्या गोळ्या' हे मी सहा वर्षांची असताना लिहायला शिकले. 'क्त' नीट जमला म्हणून तुम्ही मला पेढा दिला होता. त्या पुड्या कुणाच्या घरी जात होत्या, हे मी आत्ता मोजते आहे.

तो म्हणाला की कुबशाला तुम्ही आणि तुमच्या मिसेस, म्हणजे अव्वा, गेला होता, अव्वानं तिची ओटी भरली. म्हणजे तिचं माहेर कुठलं ते तुम्हाला माहीत आहे. मला फक्त त्या गावाचं नाव कळवा. एका ओळीचं काम आहे. बाकी सगळं मी करते.

तुमची
दानेश्वरी


बुधवार, २२ जानेवारी

अप्पा,

तुमचं उत्तर मिळालं. औषधं लिहायच्या कागदावर लिहिलंत, सही केलीत, खाली शिक्कासुद्धा मारलात. गावाचं नाव मात्र नाही.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं की आशाताई दोनदा जाऊन आल्या. मी त्यांना विचारलं, त्या एकदाच गेल्या होत्या. मग गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा मी गेले. गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी होती म्हणून सापडेल असं वाटलं, पण तेव्हाही कुलूपच होतं.

आता तुमच्या पत्राबद्दल. तुम्ही लिहिता, "सांगितल्यानं संसार मोडतात. गिरिजाबाईचं काय झालं ते तू विसरलीस काय?"

विसरले नाही. मी तेव्हा नववीत होते. गिरिजाबाईचं दुसरं मूल मेलेलं जन्माला आलं, तेव्हा तुम्ही तिच्या सासूला आणि दिराला बोलावून सांगितलंत की हिच्या रक्तात दोष आहे. आठ दिवसांत तिला बापाकडं सोडून आले. ती परत आली नाही. त्या दिवसापासून तुम्ही ठरवलंत की बायकांना काही सांगायचं नाही. हे तुम्ही स्वतः मला सांगितलं होतं, डोळ्यांत पाणी आणून, आणि मला तुमची दया आली होती. कितीतरी वर्षं मी ती दया जपली.

पण अप्पा, गिरिजाबाईच्या नवऱ्याला त्याच्या सहा महिने आधी तुम्हीच इंजेक्शन दिलं होतं. त्याच्या पुडीवर मी लिहिलं होतं, तिच्याही. हे मला आठवतं, कारण त्यानं मला लिमलेटच्या गोळ्या दिल्या होत्या. तो रोग घरात कुणी आणला हे तुम्हाला माहीत होतं. सासू ओरडत होती, "रांडंनं घरात घान आनली," तेव्हा तुम्ही खुर्चीवर बसून होता. तुम्ही सांगितलंत म्हणून तिचा संसार मोडला नाही. तुम्ही अर्धंच सांगितलंत म्हणून मोडला. जे अर्धं गाळलंत ते पुरुषाचं होतं.

आणि त्यातून तुम्ही धडा काय घेतलात? की उरलेलं अर्धंही सांगायचं नाही. बायकोला रोग झाला हेसुद्धा बायकोला कळू द्यायचं नाही. पुरुषाला पेनिसिलीन आणि बाईला पुडी. ज्या रोगाला शंभर ठिकाणी फुकट मिळणारं इंजेक्शन आहे, त्यानं आजही पोटातली मुलं मरतात. औषध नाही म्हणून नाही मरत. चार भल्या माणसांना लाज वाटते म्हणून मरतात. अप्पा, तुम्ही भले आहात. बारा गावं तुम्हाला भलं म्हणतात. मला त्याचाच राग येतो.

मी फार बोलले असेन. पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे, आणि दर वेळी ते जास्तच कडू होतंय.

गावाचं नाव पाठवा. पंधरा दिवस उरलेत.

दानेश्वरी


सोमवार, ३ फेब्रुवारी

अप्पा,

"चनबसप्पाच्या हातून गोळ्या पाठवल्या आहेत. ती ठीक आहे. तुला पत्त्याची गरज नाही."

तुमच्या दोन ओळी मी परवा आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना दाखवल्या. नाव झाकून दाखवल्या, तुमचं आणि दवाखान्याचंही. त्यांनी विचारलं, "हे कुठल्या साली शिकलेले डॉक्टर?" मी म्हटलं, माहीत नाही. तुम्ही कुठल्या साली शिकलात ते मला महिन्यासकट माहीत आहे. तुमचं प्रमाणपत्र मी दर दिवाळीला पुसत होते.

शक्तीच्या नावाखाली तुम्ही प्रतिजैविकाच्या ज्या गोळ्या देता, त्या बाळापर्यंत पोचत नाहीत. आईला थोडाफार गुण येईल, अंगावर आलेलं काही असेल तर मावळेल, सगळे म्हणतील बरं झालं, आणि आत बाळ तसंच राहील. गरोदर बाईला पेनिसिलीनच द्यावं लागतं, दुसरं चालत नाही. हे तुम्हाला माहीत नव्हतं की माहीत असून इंजेक्शन टाळलंत? टोचायचं म्हटलं की का ते सांगावं लागतं, पुडीत तसं काही नाही. मला खरंच कळत नाही यातलं कुठलं जास्त वाईट.

आता माझं सांगते. हे मी दोन्ही पत्रांत गाळलं.

तिच्या नावापुढे नवऱ्याचा नंबर कुणी लिहिला? मी लिहिला. मी विचारलं, "तुमचा मोबाइल नंबर?" ती म्हणाली, "माजा कशाला, त्यांचाच लिवा की." तिच्या हातात स्वतःचा मोबाइल होता. मला तो दिसत होता. बाहेर चाळीस बायका होत्या, मी त्यांचा लिहिला. 'बाळंतपण कुठं करणार' हा प्रश्न फॉर्मवर आहे, तिथं मी 'माहेर' एवढंच लिहिलं. कुठलं माहेर, ते विचारलं नाही. त्या दिवशीच्या चाळीस नोंदी मी परवा परत काढून बघितल्या. चौतीस नंबर नवऱ्यांचे, दोन सासऱ्यांचे, एक दिराचा. तीन बायकांचे स्वतःचे. हे सगळं माझ्या अक्षरात आहे, आणि अक्षर सुंदर आहे. ते तुमच्याकडं शिकले.

तेव्हा मी तुमच्यावर ओरडते आहे ती शुद्ध म्हणून नाही. तुम्ही जे केलंत तेच मी वेगळ्या कागदावर केलं. फरक एवढाच की मला झोप लागत नाही आणि तुम्ही लिहिता, ती ठीक आहे.

उत्तराची वाट आता मी बघत नाही. मला पत्ता मिळाला आहे. कुणी दिला ते विचारू नका. घरात तर मुळीच विचारू नका. मी जेवणाच्या ताटाला हात लावते तेव्हा मला त्या व्यक्तीची काळजी वाटते, एवढं पुरे.

मी गुरुवारी जाते आहे.

दा.


शनिवार, ८ फेब्रुवारी

अप्पा,

गेले. बार्शीला उतरून पुढं गावच्या एसटीनं. एसटी तासभर उशिरा आली आणि तो तासभर मी वाक्यं पाठ करत होते. घरात सगळ्यांसमोर बोलायचं नाही, सरकारी बाई आहे म्हणायचं, वजन बघायचं म्हणून तिला बाजूला घ्यायचं.

ती अंगणात ज्वारी निवडत बसली होती. तिची आई चहा ठेवायला आत गेली आणि मागच्या गोठ्यापाशी ती सूप घेऊनच बसली, तिथं मी तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे तिचं. नवरा माझा पेशंट नाही, त्याच्याबद्दल मी काही बोलू शकत नव्हते. म्हटलं, "हा आजार जवळच्या माणसाकडून येतो. तुमच्या मिस्टरांनीही तपासून घ्यायला हवं." तिनं माझ्याकडं बघितलं. एकच विचारलं.

"त्यांनी सुई घेतली की न्हाय?"

"ते त्यांनाच विचारा," मी म्हटलं.

"दिवाळीच्या आदी विरुपाक्ष डॉक्टरकडं नेलं होतं मला. त्ये आत गेले, मी भाईर. येताना चालताना लंगडत होते. मी म्हनलं काय झालं, तर म्हनले धनुर्वाताची सुई." मग सुपातली ज्वारी तिनं पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतली. "म्हंजे सगळ्यांना ठाऊक हाय म्हना की. नवऱ्याला ठाऊक, डॉक्टरला ठाऊक, त्या कंपाउंडरला ठाऊक. रोग माजा, प्वार माजं, आन् मलाच तेवडं ठाऊक न्हाय. परवा त्यो कंपाउंडर गोळ्या घिऊन आला, म्हनला खा, प्वार गोरं होईल."

काकांना विचारा, असं म्हणाले का ते.

मला वाटलं होतं ती रडेल. तुम्हालाही तसंच वाटलं असतं, म्हणून तर धसक्याची एवढी काळजी. ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "सुई कुटं मिळती?"

सुई कुठं मिळते ते ऐका. जवळच्या एका दवाखान्यात गेलो तर तिथले डॉक्टर म्हणाले, "पेनिसिलीन मी देत नाही. रिअॅक्शन आली तर जबाबदारी कोण घेणार?" मी म्हटलं, बाळाची जबाबदारी कोण घेणार? ते म्हणाले, "तुम्ही वाद घालायला आलाय का?" मी वाद घालायलाच आले होते, पण तिचे पाय सुजले होते. काल सकाळच्या एसटीनं तिला आणि तिच्या आईला सोलापूरला आणलं. आधी थोडंसं टोचून बघितलं, अर्धा तास थांबलो, काही झालं नाही. मग पूर्ण डोस, दोन्ही बाजूंना. बाहेर आली ती भिंतीला धरून. म्हणाली, "लई दुकतंय ओ. शक्तीच्याच गोळ्या बऱ्या होत्या." आणि हसली. मला हसता आलं नाही.

काल सात तारीख होती. मी सहा धरली होती. एक दिवस उशीर झाला. मॅडम म्हणतात एका दिवसानं आभाळ कोसळत नाही, बाळ तारखेला आलं तर बघू. मी कॅलेंडर बघत बसते.

निघताना तिनं नोंदवही मागितली. नवऱ्याच्या नंबरावर स्वतःच रेघ मारली आणि स्वतःचा लिहिला. नियमात बसतं की नाही माहीत नाही, मी मारू दिली.

दा.


रविवार, ९ मार्च

अप्पा,

हे पत्र पाठवण्याआधी मी ते सिद्धेश्वरीला वाचून दाखवलं आहे. तिचं नाव लिहायला तिनंच सांगितलं. "संगमेशचंबी लिवा," म्हणाली, म्हणजे नवऱ्याचं. मी त्याला वेगळं विचारलं. तो म्हणाला, "लिवा. आता काय ऱ्हायलंय."

बाळ तारखेला आलं नाही. सत्तावीस फेब्रुवारीला आलं, नऊ दिवस आधी. मुलगा. वजन दोन किलो शंभर. जिवंत आहे, रडतो, दूध ओढतो. पण आईला पहिलं इंजेक्शन देऊन वीसच दिवस झाले होते, म्हणून बाळावरही उपचार करावे लागले. दहा दिवस रोज पेनिसिलीन. एवढासा हात, त्याला लाकडी पट्टी बांधलेली, शीर सापडत नाही म्हणून कधी हात, कधी पाय, कधी डोकं. काल दहावा दिवस संपला. आता तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आणि मग पुढं बघायचं.

अकरा जानेवारीच्या पत्राला तुम्ही एका शब्दानं उत्तर दिलं असतं, फक्त गावाचं नाव, तर त्या दहा दिवसांतला एकही दिवस बहुधा लागला नसता. 'बहुधा' हा शब्द मॅडमनी घालायला सांगितला, म्हणून घातला.

आता पाच तारखेचं. त्यातलं अर्धं तुम्हाला माहीत आहे.

सिद्धेश्वरीच्या सासूबाई, मल्लव्वा, डबा घेऊन आमच्या वॉर्डात आल्या. बाळाच्या डोक्यावरची पट्टी बघून त्यांनी सिस्टरना विचारलं, रोज कसली सुई? सिस्टर म्हणाल्या, आईला विचारा. मल्लव्वांनी विचारलं नाही, ठरवूनच टाकलं. "माहेरी काय खाल्लंन काय केलंन, म्हाईत न्हाय. आमच्या घरात आसलं कदी नव्हतं." आवाज चढत गेला. शेजारच्या दोन खाटांवरच्या बायका उठून बसल्या. संगमेश खिडकीपाशी उभा होता, बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललं असल्यासारखा.

मी काही बोलू शकत नव्हते. नियम. मी सिद्धेश्वरीच्या खाटेची कड धरून उभी होते, एवढंच.

सिद्धेश्वरी म्हणाली, "माजं माहेर कशाला काडता? पोराच्या बापाला इचारा. दिवाळीच्या आदी विरुपाक्ष डॉक्टरकडं कसली सुई घेतली त्यांनी?"

"डॉक्टर देवमानूस हाय! त्येंचं नाव घिऊ नको!" म्हणत मल्लव्वांनी तुम्हाला फोन लावला. स्पीकरवर. अप्पा, दीड वर्षानं मी तुमचा आवाज ऐकला. तुम्हाला सर्दी झाली आहे.

"डॉक्टर, खरं सांगा बगा. माज्या पोराला कसली सुई दिली व्हती?"

तुम्ही म्हणालात, "हे बघा मल्लव्वा, मी कुणाच्या औषधाचं कुणाला सांगत नसतो." आणि फोन ठेवलात.

वाक्य बरोबर आहे. माझ्या टेबलावरच्या पाटीवर तेच लिहिलं आहे. पण गिरिजाबाईच्या सासूला बोलावलंत तेव्हा हे वाक्य कुठं होतं? संगमेशच्या हाती बायकोच्या पुड्या दिल्यात तेव्हा? आणि चनबसप्पाकाकांना गोळ्या घेऊन तिच्या दारात पाठवलंत, तेव्हा? हा नियम तुम्ही फक्त पुरुषांसाठी वापरलात, आयुष्यभर. सिद्धेश्वरीला त्या क्षणी तुमच्या एका 'हो'ची गरज होती. आणि 'मी सांगू शकत नाही, मुलालाच विचारा' एवढं म्हणायलाही नियमाची आडकाठी नव्हती.

फोन बंद झाला. मग खिडकीपाशी संगमेश वळला. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, कारखान्यात पाळ्या करतो, बारावी नापास. म्हणाला, "अव्वा, दिली की सुई. गरमीची. मीच आनलं घरात. तिचा काय दोष न्हाय त्यात."

मल्लव्वांनी डबा खाली ठेवला आणि त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की बाळ दचकून रडायला लागलं. मग डबा उघडून सिद्धेश्वरीपुढं केला. "खा बाई. आंगावर पाजतीस." त्याच्याशी त्या अजून बोलत नाहीत. सिद्धेश्वरीही बोलत नाही. ती त्याच्याकडं परत जाईल की नाही हे तिचं ती ठरवेल. संसार मोडला की नाही एवढंच तुम्हाला विचारायचं असेल, म्हणून लिहिलं.

घरून आपल्या अव्वाचा निरोप आला की तुम्ही म्हणता, घरी ये, झालं गेलं विसर. अप्पा, मी विसरायला येणार नाही. पण येणार आहे. सोमवारी, सतरा तारखेला. रजा टाकली आहे.

तुमच्या काळ्या वहीत अशा पुरुषांची नावं आहेत, हे मला माहीत आहे, निम्मी माझ्या अक्षरात आहेत. त्या प्रत्येकाला बोलावून, बायकोला सोबत आणायला लावून, तुम्ही स्वतः सांगणार असाल तर मी आत तुमच्या शेजारी बसेन. शब्द अडले तर पुरवीन. हे काम मी रोज करते, जमतं मला आता.

नसाल सांगणार, तर मी बाहेरच्या बाकावर बसेन. खोकल्याला आलेली असो, गुडघ्याला आलेली असो, प्रत्येक बाईला मी एकच सांगणार आहे. रक्त तपासून घ्या, फुकट आहे, आणि कुणी 'शक्तीच्या' म्हणून गोळ्या दिल्या तर त्यांचं खरं नाव विचारा. मी कुणा पेशंटचं नाव घेणार नाही, तुमचंही नाही. साहेबांना लेखी विचारून घेतलं आहे, एवढं नियमात बसतं.

सव्वा महिना झाला की सिद्धेश्वरीही येणार आहे बाकावर बसायला. तिला कसलाच नियम नाही. ती नावं घेणार आहे.

दानेश्वरी